अध्यापनाची एक पोथीपरंपरा : इतार, सेगँ व माँटेसरी

जुन्या पोथ्यांच्या नकला करण्याचा उद्योग ज्यांनीं केला आहे, त्यांस एक गोष्ट निराळी सांगावयास नको. पोथी वाचणारा मनुष्य डोळ्यांनीं पुढें धांवतो. नक्कल करणाऱ्यास तसें धांवतां येत नाहीं. त्यास प्रत्येक अक्षरापाशीं थांबावें लागतें, आणि मूळ लेखकानें कोठें लेखणी आवरती घेतली, कोठें एकच गोष्ट दोनदां सांगितली, कोठें मागचें विधान पुढें फिरविलें, हें त्याच्या डोळ्यांआधीं त्याच्या हातास कळतें. प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहतां आमच्या नेहमींच्या विषयांहून दूरचा वाटेल. ज्या मुलांस ऐकूं येत नाहीं, बोलतां येत नाहीं, अथवा ज्यांची बुद्धि वयाबरोबर वाढत नाहीं, अशा मुलांस शिकवावें कसें हें त्यांचे शिक्षक कोठून शिकले, हा तो विषय होय. परंतु या विद्येच्या इतिहासांतील एक मुख्य दुवा म्हणजे सुमारें ६०० पानांची, हातानें केलेली एक नक्कल आहे. आणि ती नक्कल करण्याची पाळी कां आली हें पाहूं गेल्यास मागील शंभर वर्षांची एक सबंध लेखनपरंपरा उलगडत जाते. म्हणून हा विषय संग्राहक व संशोधक वाचकांपुढें मांडण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

आरंभीं शब्दांविषयीं थोडा खुलासा. जुन्या फ्रेंच व इंग्रजी ग्रंथांत या मुलांस जीं विशेषणें लावलेलीं आहेत, तीं आज कोणी सभ्य मनुष्य उच्चारीत नाहीं. आमच्याकडील ‘जड’, ‘मूढ’, ‘मतिमंद’ या शब्दांचीहि तीच गत झाली. आज ‘विशेष गरजा असलेलीं मुलें’ असें म्हणण्याचा परिपाठ आहे. या लेखांत ‘मंदबुद्धि’ हा शब्द जेथें येईल तेथें तो जुन्या साधनांचा आशय सांगण्यापुरता समजावा.

आपल्या वाङ्मयांत अशा शिक्षणाचा दाखला शोधूं जातां पंचतंत्राच्या कथामुखाकडे बोट दाखविण्याचा मोह होतो. महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ति राजाचे तीन पुत्र आणि त्यांस सहा महिन्यांत नीतिनिपुण करण्याची विष्णुशर्म्याची प्रतिज्ञा सर्वांस ठाऊक आहे. पण हा दाखला येथें लागू पडत नाहीं. ते राजपुत्र विद्याविमुख होते, भाषाहीन नव्हते. गोष्ट ऐकून तिचें मर्म धरण्याइतकी शक्ति त्यांच्या ठिकाणीं होती; उणीव होती ती गोडीची. विष्णुशर्म्याचें चातुर्य मोठें खरें, परंतु जेथें गोष्ट सांगण्याचें साधनच नाहीं तेथें गुरूनें काय करावें, हा प्रश्न त्याच्यापुढें कधीं आला नाहीं.

हा प्रश्न युरोपांत प्रथम बहिऱ्या-मुक्या मुलांच्या संबंधानें उभा राहिला. स्पेन देशांत ओन्या येथील मठांत पेद्रो पाँस दे लिऑन नांवाचा बेनेडिक्टिन पंथाचा एक संन्यासी होता. वेलास्को नामक सरदार घराण्यांतील बहिऱ्या मुलांस त्यानें लिहावयास व बोलावयास शिकविलें. सन १५८४ त तो वारला. त्याची कीर्ति मागें राहिली, रीति राहिली नाहीं. पुढें सन १६२० त हुआन पाब्लो बोनेत यानें माद्रिद येथें मुक्यांस बोलावयास शिकविण्याच्या कलेवर एक ग्रंथ छापला व त्यांत हाताच्या बोटांनीं दाखवावयाची वर्णमाला चित्रांसह दिली. पाँसची विद्या गेली व बोनेतची राहिली, याचें कारण विद्येची श्रेष्ठता नव्हे. एकाचें लेखन छापलें जाऊन लोकांच्या हातीं पडलें, इतकेंच.

अठराव्या शतकांत फ्रान्समध्यें हीच गोष्ट पुन्हां घडली. जाकोब रोद्रिग पेरेर (१७१५-१७८०) हा मुक्यांस बोलतें करण्यांत इतका निष्णात होता कीं, पॅरिसच्या विद्वत्सभेनें त्याच्या शिष्यांची परीक्षा घेऊन त्याची वाखाणणी केली. परंतु त्यानें आपली रीति गुप्त ठेविली. त्याच काळीं पॅरिस येथें द लेपे नांवाचा एक धर्मगुरु गरीब बहिऱ्या मुलांस फुकट शिकवीत असे. त्याचे धडे पाहावयास कोणासहि मज्जाव नव्हता, परदेशांतून शिक्षक येऊन त्याच्याजवळ शिकून जात, आणि सन १७७६ त त्यानें आपली रीति ग्रंथरूपानें प्रसिद्धहि केली. ज्या खुणांवर त्याची इमारत उभी होती त्या त्यानें नव्यानें शोधून काढल्या नव्हत्या. पॅरिसमधील बहिऱ्या लोकांत खुणांची भाषा होतीच. त्यानें ती आपल्या शिष्यांपासून घेतली, तिच्यांत स्वतःची भर घातली आणि त्यांस तिच्या द्वारें फ्रेंच शिकविली. गुरूनें शिष्यापासून प्रथम शिकावें व मग शिकवावें, असा हा उलटा क्रम आहे, आणि तो पुढील सर्व हकीकतींत दिसून येईल. द लेपे सन १७८९ त वारला; सन १७९१ त त्याच्या शाळेस सरकारी आश्रय मिळाला व ती आजतागायत चालत आली आहे. पेरेरच्या रीतीचा मात्र पुढच्या पिढीस विखुरलेल्या पुराव्यावरून शोध घ्यावा लागला. आमच्याकडे वैद्यकांतील पाठ व गायनांतील चिजा अशाच घराण्याघराण्यांतून झांकून ठेविल्यामुळें किती नष्ट झाल्या, हें वाचकांस माहीत आहे.

याच शाळेंत सन १८०० च्या ऑगस्टांत एक विलक्षण मुलगा आणण्यांत आला. दक्षिण फ्रान्समधील रानांत तो एकटा हिंडतांना लोकांस कांहीं वर्षें अधूनमधून दिसत असे. त्याच वर्षाच्या जानेवारींत आव्हेराँ प्रांतांतील साँ-सेर्नँ गांवीं तो हातीं लागला. वय अदमासें अकरा-बारा. त्यास बोलतां येत नव्हतें. पिस्तुलाच्या बाराकडे तो वळून पाहात नसे, पण मागें कोणी अक्रोड फोडला तर लागलीच मान वळवी. पॅरिसमधील लोकांनीं त्यास पाहण्यास प्रथम गर्दी केली, आणि तो नुसता डुलत बसतो असें पाहून तितक्याच लवकर त्याच्याकडे पाठ फिरविली. वेड्यांच्या साखळ्या काढविल्याबद्दल ज्याची कीर्ति आहे त्या पिनेल वैद्यानें त्यास तपासून, हा जन्मतःच मंदबुद्धि असून शिकविण्याच्या पलीकडचा आहे, असा अभिप्राय दिला.

हा अभिप्राय न मानणारा एकच मनुष्य निघाला. ज्यां इतार (१७७४-१८३८) हा त्या शाळेचा तरुण वैद्य होता. मुलाची ही अवस्था मनुष्यसहवासाच्या अभावीं झाली असून शिक्षणानें ती पालटेल, असा त्याचा पक्ष होता. त्यानें मुलाचें नांव व्हिक्टर असें ठेविलें. कारण ‘ओ’ हा स्वर ऐकतांच तो मुलगा कान देई असें त्याच्या ध्यानीं आलें होतें, आणि फ्रेंच उच्चारांत त्या नांवांत तो स्वर येतो. गेरँ नांवाच्या एका बाईकडे मुलाच्या संगोपनाचें काम सोंपविण्यांत आलें. इतार यानें या शिक्षणाचे दोन वृत्तांत लिहिले : पहिला सन १८०१ चा, आणि दुसरा सन १८०६ त अंतर्गत कारभाराच्या मंत्र्यास सादर केलेला अहवाल, जो सन १८०७ त छापला गेला. आमच्या विषयाचीं मूळ साधनें म्हणजे हींच दोन लहानशीं पुस्तकें.

यांतील विशेष असा कीं, सरकारास सादर केलेला अहवाल असूनहि त्यांत यशाइतकीच अपयशाची नोंद आहे. पेशवे दप्तरांतील कागद वाचणारास हें अपूर्व वाटेल. सरकारांत जाणाऱ्या कागदांत स्वतःचा पराभव कोणी इतक्या तपशिलानें लिहीत नाहीं. दुधाचीच गोष्ट घ्या. पुष्कळ खटपटीनंतर व्हिक्टरच्या तोंडून ‘दूध’ या अर्थाचा फ्रेंच शब्द निघाला. दुसरा कोणी असता तर येथें विजयाचा नगारा वाजविता. पण इतार यानें बारकाईनें पाहिलें, तों मुलगा तो शब्द दूध मिळाल्यावर आनंदानें उच्चारी. दूध मागण्यासाठीं तो त्याचा उपयोग करीना. म्हणजे तो शब्द नव्हता, उद्गार होता. इतार तसें स्पष्ट लिहितो. पुढें अक्षरांचे तुकडे घेऊन तोच शब्द जुळविण्यास त्यास शिकविलें. कांहीं दिवसांनीं ओळखीच्या एका गृहस्थाकडे नेहमींप्रमाणें जातांना मुलानें आपण होऊन तीं चार अक्षरें बरोबर घेतलीं आणि तेथें मेजावर जुळवून दूध मागितलें. मुखावाटें जें झालें नाहीं तें हातावाटें झालें. या चार अक्षरांचें महत्त्व आमच्या मतें एखाद्या ताम्रपटाहून कमी नाहीं.

शिकविण्याचे जिन्नस तो प्रसंगानुसार स्वतः बनवी. एका फळीवर तांबडें वर्तुळ, निळा त्रिकोण व काळा चौकोन असे कागद चिकटवून, तशाच आकारांचे सुटे तुकडे ज्याचे त्यावर ठेवावयास तो मुलास देई. मुलानें तें चटकन साधलें. पण फळीवरील जागा बदलून पाहतां इतार यास असें आढळलें कीं, मुलगा आकार ओळखीत नसून जागा लक्षांत ठेवीत होता. मग जागा रोज बदलणें, नंतर रंग एकच ठेवणें, नंतर आकार एकमेकांशीं मिळते घेणें, असा क्रम त्यानें बसविला. मुलगा चिडे, तुकडे फेंकून देई, प्रसंगीं त्यास झटके येत. एकदां तर इतार यानें त्यास धरून उंच मजल्याच्या खिडकीबाहेर लोंबत धरलें, व त्या भीतीनें तो पुन्हां कामास लागला. हें कृत्य क्रूर होतें, आणि तें शास्त्राच्या नांवाखालीं झांकणें बरोबर नव्हे. परंतु ज्या लेखकानें तें स्वतःच्या हातानें लिहून ठेविलें त्याच्या इतर विधानांवर विश्वास ठेवण्यास त्यामुळेंच अधिक जागा होते.

दुसऱ्या अहवालांतील पुस्तकाचा प्रसंग तर या सर्व विद्येची किल्लीच आहे. व्हिक्टर लिहिलेला शब्द पाहून त्या नांवाची वस्तु दुसऱ्या खोलींतून आणूं लागला होता. एके दिवशीं ती खोली बंद ठेवून इतार यानें त्यास त्याच वस्तु मागितल्या. तशीं पुस्तकें व तशाच वस्तु याहि खोलींत समोर होत्या. मुलगा गोंधळून गेला. त्यांपैकीं एकीसहि हात लावीना. त्याच्या लेखीं ‘पुस्तक’ हें त्या एकाच पुस्तकाचें विशेषनाम होतें! इतार प्रथम निराश झाला. मग विचार करतां त्यास उमगलें कीं, हा दोष मुलाचा नसून शिकवणुकीचा आहे. आजवरच्या सर्व अभ्यासांत त्यानें मुलास भेद पाहावयास शिकविलें होतें. दोन वस्तूंतील साम्य पाहावयास कधीं शिकविलेंच नव्हतें. तेव्हां त्यानें धडा फिरविला. त्यावर मुलगा दुसऱ्या टोंकास गेला, आणि सुरी व वस्तरा यांस एकच नांव देऊं लागला. मग पुन्हां भेद. शिष्याची चूक ही गुरूच्या मागील पाठाची साक्ष असते, हें तत्त्व येथें प्रथम स्पष्टपणें लिहिलेलें सांपडतें. आणि तें प्रवचन म्हणून नव्हे, तर एका विशिष्ट दिवशीं एका विशिष्ट खोलींत घडलेल्या गोष्टीच्या रूपानें.

व्हिक्टर अखेरपर्यंत बोलूं शकला नाहीं. सहवासाच्या अभावानें तो तसा झाला कीं मुळांत त्याच्यांत कांहीं जन्मजात वेगळेपण होतें, या विषयीं विद्वानांत मतभेद आहेत; अलीकडील अनेकांनीं त्याच्या वर्णनांत स्वमग्नतेचीं लक्षणें पाहिलीं आहेत. इतार यानें पुढें त्याचें शिक्षण सोडून दिलें व बहिऱ्या मुलांच्या कामास वाहून घेतलें. लौकिक दृष्टीनें पिनेलचा अभिप्राय खरा ठरला. पण पिनेलच्या अभिप्रायापासून कोणी शिक्षक झाला नाहीं. इतारच्या वृत्तांतापासून झाला.

तो शिक्षक म्हणजे एदुआर सेगँ (१८१२-१८८०). वृद्ध व आजारी इतारच्या मार्गदर्शनाखालीं त्यानें सन १८३७ त एका मंदबुद्धि मुलास शिकविण्यास आरंभ केला. पुढील वर्षीं इतार वारला. सेगँ यानें पुढें पॅरिसच्या बिसेत्र या मोठ्या रुग्णालयांतील मुलांस शिकविलें, परंतु अधिकाऱ्यांशीं न पटून सन १८४३ त तो संबंध तुटला. सन १८४६ त त्यानें अशा मुलांच्या उपचारांवर व शिक्षणावर आपला मोठा फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षीं त्यानें पेरेरवर पुस्तक लिहिलें, हेंहि लक्षांत घेण्यासारखें आहे : गुप्त राहून गेलेली विद्या पुन्हां जुळविण्याची धडपड करणारा तो हाच.

इतारपुढें एक मुलगा होता, सेगँपुढें अनेक. त्यामुळें जें इतार यानें प्रसंगोपात्त केलें त्यास सेगँ यानें क्रम दिला. आधीं स्नायु, मग ज्ञानेंद्रियें, इंद्रियांवरून कल्पना, आणि कल्पनांवरून विचार व आचार, अशी ती चढण आहे. शिडी, पायऱ्या, झोके, गुंड्या लावण्याच्या चौकटी, स्पर्शानें ओळखण्याचे खरखरीत व गुळगुळीत पृष्ठभाग, हीं सर्व त्याचीं साधनें. नांव शिकविण्याची त्याची तीन पायऱ्यांची रीति आज बालशाळांत सर्वत्र रूढ आहे : प्रथम ‘हा लाल’ म्हणून दाखवावयाचें, मग ‘लाल दे’ म्हणून मागावयाचें, आणि शेवटीं ‘हा कोणता?’ म्हणून विचारावयाचें. यांतील मधली पायरी महत्त्वाची आहे. ज्यास बोलतां येत नाहीं त्यासहि तेथें उत्तर देतां येतें. आमच्या शाळांतून पहिलीवरून एकदम तिसरीवर उडी मारण्याची जी संवय आहे, तिच्यामुळें किती मुलें मुकाट बसत असतील, हें सांगणें कठीण नाहीं.

सन १८४८ च्या राज्यक्रांतीनंतर सेगँ अमेरिकेस गेला. तेथें सन १८६६ त न्यूयॉर्क येथें त्यानें इंग्रजींत दुसरा ग्रंथ प्रसिद्ध केला. पहिल्या ग्रंथानंतर वीस वर्षांचा अनुभव त्यांत होता. आणि येथून आपली हकीकत खऱ्या अर्थानें पोथ्यांची हकीकत होते.

माँटेसरीबाई (१८७०-१९५२) सन १८९६ त रोम येथें वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडल्या व तेथील विश्वविद्यालयाच्या मानसरोग-चिकित्सालयांत काम करूं लागल्या. त्या काळीं मंदबुद्धि मुलें वेड्यांच्या इस्पितळांतच ठेवीत. त्यांस पाहून बाईंचें मत असें बनलें कीं, हा प्रश्न मुख्यतः औषधाचा नसून शिक्षणाचा आहे. सन १८९८ त तुरीन येथील शिक्षणपरिषदेंत त्यांनीं हें उघडपणें मांडलें. पुढें रोममध्यें अशा मुलांच्या शिक्षकांसाठीं एक संस्था निघाली व तिच्या चालकत्वांत त्यांचा प्रमुख भाग होता. तेथें त्या सकाळीं आठपासून सायंकाळीं सातपर्यंत स्वतः मुलांस शिकवीत. शिक्षणशास्त्रांतील आपली खरी पदवी ती दोन वर्षेंच होत, असें त्यांनीं पुढें सन १९०९ च्या आपल्या ग्रंथांत लिहिलें आहे. पुढील हकीकत मुख्यतः त्याच ग्रंथांतील त्यांच्या निवेदनावरून दिली आहे. ती काळ लोटल्यावर लिहिलेली आठवण आहे, हें ध्यानांत ठेवून ती वाचावी.

अशा मुलांस कसें शिकवितात हें पाहण्यास त्या लंडन व पॅरिस येथें गेल्या. बिसेत्र येथें सेगँचीं साधनें अजून वापरांत होतीं; त्याचा फ्रेंच ग्रंथहि तेथील शिक्षकांच्या हातीं होता. पण बाईंस असें दिसलें कीं, वापर चालला होता तो साधनांचा, रीतीचा नव्हे. प्रत्येक शिक्षक नियम अक्षरशः पाळीत होता, आणि शिक्षण यांत्रिक झालें होतें. देऊळ उभें, पूजा चालू, पण मंत्राचा अर्थ सांगणारा कोणी नाहीं, असा हा प्रकार. मग त्यांनीं सेगँच्या १८६६ च्या इंग्रजी ग्रंथाचा शोध सुरू केला. अशा मुलांविषयीं आस्था असणाऱ्या इंग्रज वैद्यांचीं घरें त्यांनीं जवळजवळ सगळीं पालथीं घातलीं; ग्रंथ कोठेंहि मिळाला नाहीं. इंग्रजींत छापलेला ग्रंथ इंग्लंडांत कोणास ठाऊक नसावा, यावरून सेगँची रीति कोणास नीट समजलीच नसावी, असें अनुमान त्यांनीं केलें. एका दुर्मिळ पोथीसाठीं मठ, वाडे व भिक्षुकांचीं घरें धुंडाळणाऱ्या आमच्या वाचकांस या पायपिटीची कल्पना सहज येईल.

यानंतर त्यांनीं प्रत्यक्ष अध्यापनांतून अंग काढून घेतलें, आणि इतार व सेगँ यांचे फ्रेंच ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत इटालियनमध्यें उतरवून स्वतःच्या हातानें लिहून काढले. मुद्रणापूर्वीं बेनेडिक्टिन संन्यासी जशा पोथ्या करीत तशा आपण केल्या, असें त्या स्वतःच म्हणतात. हें काम हातानेंच करण्याचें कारणहि त्यांनीं दिलें आहे : प्रत्येक शब्दाचें वजन करून पाहावयास सवड मिळावी, आणि लेखकाचें अंतरंग वाचतां यावें. सेगँचीं तीं ६०० पानें संपतात न संपतात तोंच न्यूयॉर्कहून त्यांस १८६६ चा इंग्रजी ग्रंथ आला. एका वैद्याच्या खासगी संग्रहांतून टाकून दिलेल्या पुस्तकांत तो सांपडला होता. रद्दींतून वांचलेल्या दप्तरांच्या कथा महाराष्ट्रांत कांहीं थोड्या नाहींत. ही आणखी एक.

नकलेनें काय साधलें? इतार व सेगँ यांच्या छापील ग्रंथांतील माहिती बाईंस आधींच होती. त्यांचीं साधनें त्यांनीं वर्गांत वापरलींहि होतीं. नकलेनें त्यांस मिळाला तो साधनांमागचा क्रम व शिक्षकाची वृत्ति. शिक्षकाच्या आवाजाविषयीं, वेषाविषयीं, चालण्याबोलण्याविषयीं सेगँचा आग्रह घाईच्या वाचकास विचित्र वाटतो. बाईंस त्याचा अर्थ लागला. वस्तु पुढें ठेविल्यानें मूल जागें होत नाहीं. त्यास हांक मारावी लागते, आणि ती हांक ज्या स्वरांतून जाते तो स्वर हेंहि शिक्षणाचें साधनच आहे.

क्रमाचा एक दाखला पुरे. अकरा वर्षांच्या एका मंदबुद्धि मुलीस त्यांनीं शिवण शिकविण्याचा यत्न केला होता. हातांत जोर होता, बोटें चालत होतीं, पण सुई एकदां धाग्यावरून व एकदां खालून काढणें तिला जमेना. बाईंनीं शिवण बाजूस ठेविली व कागदी पट्ट्यांची चटई विणावयास दिली; त्यांतहि पट्टी एकदां वरून व एकदां खालून घ्यावी लागते. तें हातांत बसल्यावर पुन्हां सुई दिली, आणि मुलगी रफू करूं लागली. काम शिकविण्यापूर्वीं त्या कामांतील हालचाल निराळी काढून ती दुसऱ्या सोप्या कामांतून तयार करून घेणें, ही युक्ति त्यांनीं लेखनासहि लावली. लांकडी अक्षरें करवून, मुलांकडून त्यांच्यावरून बोट फिरवून घेतलें. हातानें अक्षर ओळखलें म्हणजे लेखणी पुढें आपोआप चालते. आमच्या पंतोजींच्या शाळेंतील धुळाक्षरें येथें कोणास आठवतील, आणि ‘गिरवणें’ हा आमचा शब्द या क्रियेस अगदीं चपखल आहे. भेद एवढाच कीं, धूळपाटीवर न जमल्यास मुलास छडी मिळे. येथें न जमल्यास शिक्षकास नवी पायरी शोधावी लागे.

त्या इस्पितळांतील कांहीं मुलें सार्वजनिक शाळांतील मुलांबरोबर वाचन-लेखनाच्या परीक्षेंत उतरलीं. लोक आश्चर्य करूं लागले. बाईंस मात्र उलटच प्रश्न पडला : हीं मुलें जर धडधाकट मुलांची बरोबरी करतात, तर धडधाकट मुलांस इतकें खालीं कशानें रोखून धरलें आहे? या प्रश्नांतून ता. ६ जानेवारी १९०७ रोजीं रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तींत त्यांचें पहिलें बालगृह निघालें. पुढील इतिहास सर्वविश्रुत आहे.

महाराष्ट्राशीं या परंपरेचा संबंध दोन वाटांनीं येतो. गिजुभाई बधेका यांनीं भावनगर येथें सन १९२० त बालमंदिर काढलें. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं सन १९२६ त त्यांच्यासह नूतन बालशिक्षण संघ स्थापिला, व सन १९४५ पासून बोर्डी येथें, पुढें कोसबाड येथें, आदिवासी मुलांसाठीं खडे, शिंपले, बिया अशा स्थानिक वस्तूंचीं साधनें करून ही पद्धति गरिबांच्या अंगणांत नेली. स्वतः माँटेसरीबाई सन १९३९ च्या नोव्हेंबरांत मद्रासजवळ अड्यार येथें आल्या. पुढच्या वर्षीं इटली युद्धांत उतरतांच त्या शत्रुराष्ट्राच्या प्रजाजन ठरल्या. त्यांचे पुत्र मारिओ यांस अहमदनगर येथील छावणींत ठेविलें गेलें, व बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशीं, ता. ३१ ऑगस्ट १९४० रोजीं, सोडण्यांत आलें. अहमदनगरच्या किल्ल्याचा इतिहास लिहिणारांनीं शहरांतील या दुसऱ्या बंदिवासाकडेहि एकदां पाहावें.

या सर्वांत एक विपर्यास झाला. मराठींत ‘माँटेसरी’ हें सुखवस्तु घरांतील लहान मुलांच्या शाळेचें सामान्यनाम बनलें, आणि त्या शाळेंतील दट्ट्याच्या पेट्या, खरखरीत अक्षरें व गुंड्यांच्या चौकटी ज्या मुलांसाठीं प्रथम घडल्या त्यांचा विसर पडला. त्या मुलांसाठीं निराळ्या शाळा आमच्याकडे निघाल्या होत्या : मुंबईस बहिऱ्या-मुक्यांची शाळा सन १८८५ त, मंदबुद्धि मुलांसाठीं जय वकील शाळा सन १९४४ त, पुण्यास कामायनी सन १९६४ त. पुढें सन १९९२ च्या पुनर्वसन परिषदेच्या कायद्यानें विशेष शिक्षकांच्या शिक्षणास सरकारी मान्यतेची चौकट आली, आणि सन २०१६ च्या कायद्यानें अशा मुलांस इतरांबरोबर शिकण्याचा हक्क मिळाला. म्हणजे आतां सामान्य शाळेंतील सामान्य शिक्षकानेंहि हें शिकावयाचें आहे. त्यास बहुधा साधनांची पेटी व नियमांचें पुस्तक मिळतें. बिसेत्रच्या शिक्षकांजवळ हीं दोन्ही होतीं.

आमच्या संग्राहकांचा येथें कांहीं उपयोग आहे असें आम्हांस वाटतें. अशा शाळांतून चाळीस चाळीस वर्षें काम केलेल्या शिक्षकांच्या टिपणवह्या घरोघर पडून आहेत : अमक्या मुलास गुंडी लावावयास किती दिवस लागले, कोणता धडा फसला, मग काय करून पाहिलें. त्यांवर कोणाची मुद्रा नाहीं, मोर्तब नाहीं, त्यामुळें बाजारांत त्यांस किंमत नाहीं. सरदारांच्या घरचा खर्चाचा ताळेबंद आम्ही रेशमी रुमालांत बांधून ठेवितों. या वह्या मात्र रद्दीवाल्याकडे जातात. मुलांचीं नांवें झांकून, कुटुंबियांची संमति घेऊन, त्या जपणें अशक्य नाहीं. इतारचे अहवाल तरी निराळे काय होते? तेहि विस्मृतींत गेलेच होते. बिसेत्रच्या बूर्नव्हील नांवाच्या वैद्यानें सन १८९४ त ते पुन्हां छापले, म्हणून पुढच्यांच्या हातीं सुलभपणें आले.

आणि त्या अहवालांतहि एक जागा मोकळीच आहे. व्हिक्टरला रोज जेवूं घालणारी, फिरावयास नेणारी, रागावला असतां शांत करणारी ती गेरँबाई. तिच्या ठिकाणीं आईची सोशिकता व जाणत्या गुरूची समज होती, असें इतार स्वतः लिहितो. सरकारांतून तिला या कामाबद्दल वर्षास १५० फ्रँक मिळत. इतार यानें पाठ थांबविल्यावर मुलगा तिच्याजवळच राहिला, आणि सन १८२८ त पॅरिसमध्यें, शाळेजवळच्या एका गल्लींतील तिच्या घरीं वारला. मुलगा भुकेला आहे, भ्याला आहे, कीं बाहेर जावयास निघाला आहे, हें तिला कसें कळे, याविषयीं जें कांहीं आपल्यास ठाऊक आहे तें सारें इतारच्या लेखणींतून आलेलें आहे.